सदोष बियाणें व शेतकऱ्याचा भरपाईचा हक्क

मृग नक्षत्र लागून जमिनीस पुरती ओल आली म्हणजे शेतकरी पेरणीस हात घालतो. पिशवी फोडून बीं एकदां मातींत पडलें कीं तें परत घेतां येत नाहीं. आठ-दहा दिवसांनीं ओळी रित्या दिसूं लागल्या म्हणजे दुकानदाराचे उंबरठे झिजविणें, दुबार पेरणीसाठीं उसने पैसे काढणें, आणि तोंपर्यंत पेरणीची वेळ टळून जाणें, हा अनुभव आपल्याकडे नवा नाहीं. इ. स. २०२० च्या खरिपांत मराठवाडा व विदर्भ या भागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या कीं, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील खंडपीठानें त्यांची आपण होऊन दखल घेतली.

अशा प्रसंगीं शेतकऱ्यांत दोन प्रकारचे समज आढळतात. कोणी म्हणतो, पिशवी आपणच पसंत करून आणली, आतां बोलून काय उपयोग? दुसरा म्हणतो, बीं उगवलें नाहीं त्या अर्थीं कंपनीनें सगळ्या पिकाची किंमत भरून दिलीच पाहिजे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. कायद्यानें शेतकऱ्यास उत्पादकाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला आहे; परंतु त्या हक्कास मर्यादाही घातल्या आहेत. आपल्या शेताची हद्द जशी प्रत्येकास ठाऊक असते, तशी या हक्काची हद्दही ठाऊक असावी, एवढ्याच हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

१. विक्रीचा जुना कायदा

घेणाऱ्यानें पारखून घ्यावें, हा व्यापारांतील फार जुना दंडक होय. आपल्याकडील १९३० चा मालविक्रीचा कायदा, जो आजही चालू आहे, त्यानेंही आरंभ याच दंडकापासून केला आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें विकलेल्या मालाच्या गुणाबद्दल विक्रेत्याची न बोललेली हमी सामान्यतः धरली जात नाहीं. मात्र घेणाऱ्यानें आपलें काम सांगून, विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला असेल, आणि तसला माल विकणें हा त्या विक्रेत्याचा धंदाच असेल, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे, असें तेंच कलम सांगतें.

हा अपवाद शेतकऱ्याच्या उपयोगी पडावा असा दिसतो खरा. पण त्यासही दोन फांटे आहेत. एखादी ठराविक वस्तु तिच्या व्यापारी नांवानें मागून घेतली, तर ती अमुक कामास योग्य असल्याची हमी धरली जात नाहीं. "अमुक कंपनीचें अमुक वाण द्या" असें म्हणून पिशवी उचलणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दुसरें असें कीं, उभय पक्षांनीं स्पष्ट करार करून अशी हमी काढून टाकावी, अशी मुभा बासष्टाव्या कलमानें दिली आहे. पिशवीवर बारीक अक्षरांत जबाबदारी नाकारणारा जो मजकूर छापलेला असतो, त्याचा आधार या मुभेंतच शोधला जातो.

याहून मोठी अडचण अशी कीं, हा करार शेतकरी आणि दुकानदार यांच्यामधला. बीं तयार करणारा कारखानदार त्यांत पक्षकार नसतो. मग त्याला जाब कोणत्या नात्यानें विचारावा? या प्रश्नाचा एक प्रसिद्ध निकाल इंग्लंडांतील लॉर्डांच्या सभेनें १९३२ सालीं दिला. स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवीं १९२८ सालीं एका बाईस तिच्या मैत्रिणीनें आल्याचें पेय विकत घेऊन दिलें; अपारदर्शक बाटलींत कुजलेली गोगलगाय निघाली व त्यामुळें आपण आजारी पडलों, अशी तिची तक्रार होती. पैसे तिनें दिलेले नव्हते, म्हणून तिचा कोणाशींच करार नव्हता. तथापि जो उत्पादक आपला माल मध्यें कोणी तपासूं शकणार नाहीं अशा रीतीनें बंद करून पाठवितो, त्यानें शेवटच्या वापरणाराविषयीं काळजी घेतलीच पाहिजे, असें लॉर्ड ॲट्किन यांनीं ठरविलें. मात्र तें तत्त्व जिवास किंवा मालमत्तेस होणाऱ्या इजेपुरतें सांगितलें होतें. व्यवहारांत निव्वळ पैशाचें नुकसान झालें तर काय, हा प्रश्न त्यानें मिटला नाहीं. आणि शेतकऱ्याचा प्रश्न बहुधा तोच असतो.

२. ग्राहक कोणास म्हणावें?

आपल्या देशांत उत्पादकास थेट जाब विचारण्याचा सोपा मार्ग १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें उघडला. त्याच्या जागीं आतां २०१९ चा कायदा आला असून तो २० जुलै २०२० पासून अमलांत आहे. या कायद्याप्रमाणें मालांत दोष म्हणजे गुण, परिमाण, शक्ति, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्यानें, करारानें अगर विक्रेत्याच्या सांगण्यानें जें अपेक्षित असेल त्याहून उणेपणा असणें. न उगवणारें अगर भेसळीचें बीं या व्याख्येंत सहज बसतें.

परंतु जो फिरून विकण्यासाठीं किंवा व्यापारी हेतूनें माल घेतो, तो या कायद्याच्या दृष्टीनें ग्राहक नव्हे. याच मुद्यावर बियाणें उत्पादकांनीं वर्षानुवर्षें झगडा केला. शेतकरी पीक विकतो, तेव्हां त्याची खरेदी व्यापारीच, असें त्यांचें म्हणणें. पण स्वतः राबून उपजीविका करण्यासाठीं घेतलेला माल व्यापारी हेतूचा मानूं नये, असें स्पष्टीकरण कायद्यांतच आहे. सर्वोच्च न्यायालयानें १६ जानेवारी २०१२ रोजीं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणांत शेतकरी हा ग्राहकच होय असें निःसंदिग्धपणें ठरविलें. पुढें २०२० सालीं सफेद मुसळीच्या लागवडीच्या एका प्रकरणांत, पीक कंपनीनेंच परत विकत घ्यावयाचें असा करार असला तरी त्या योगें शेतकऱ्याचें ग्राहकपण जात नाहीं, असाही निर्णय झाला.

सबब सामान्य कुणब्यास या बांधाची भीति नाहीं. पण जो बियाण्याच्या पिशव्या घेऊन गांवांत विकतो, किंवा ज्याची खरेदी निव्वळ व्यापारी धंद्याची आहे, त्यास हा मार्ग बंद आहे. त्यानें दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा.

३. कोणत्या नुकसानीची भरपाई?

२०१९ च्या कायद्यानें "उत्पादन दायित्व" या नांवाचें एक नवें प्रकरण घातलें आहे. उत्पादनांत, रचनेंत किंवा सूचनांत दोष असला, अथवा दिलेल्या हमीप्रमाणें माल नसला, तर उत्पादक जबाबदार. आणि हमीच्या बाबतींत आपण निष्काळजीपणा केला नाहीं असें त्यानें सिद्ध केलें तरी तो सुटत नाहीं, इतकें तें प्रकरण कडक आहे. हें वाचून पुष्कळांस असें वाटेल कीं, आपलें काम झालें. परंतु त्याच कायद्यांतील "हानि" या शब्दाची व्याख्या पाहावी. तींत इतर मालमत्तेचें नुकसान, शारीरिक इजा, आजार व मृत्यु यांचा समावेश आहे. पण खुद्द त्या मालाचें नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा हे स्पष्ट शब्दांनीं वगळले आहेत. यंत्राचें पातें उडून मजुराचा हात तुटला, तर हें प्रकरण लागू पडेल. बीं उगवलें नाहीं म्हणून पीक आलें नाहीं, हा मात्र आर्थिक तोटा होय असा बचाव उत्पादकास करतां येईल.

त्याशिवाय मालाचा गैरवापर झाला असेल, त्यांत फेरफार केला असेल, अथवा मालाचा धोका उघड व सर्वांस ठाऊक असेल, तर या प्रकरणाखालील दायित्वास अपवाद सांगितले आहेत. फवाऱ्याचें औषध घेणाऱ्यानें डब्यावरील सूचना डावलून दोन औषधें मिसळलीं, तर पुढील तक्रार दुबळी पडते ती यामुळें.

म्हणून बियाण्याच्या बाबतींत सुरक्षित मार्ग म्हणजे "सदोष माल" या सदराखालील साधी तक्रार. या मार्गानें आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि विरुद्ध पक्षाच्या निष्काळजीपणामुळें झालेल्या तोट्याची भरपाई देण्याचा हुकूम करूं शकतो. यांतील भेद नीट ध्यानांत घ्यावा. पिशवीची किंमत परत मिळण्यास मालांतील दोष दाखविणें पुरे. हातचा हंगाम गेल्याची भरपाई मागतांना निष्काळजीपणाही दाखवावा लागतो. शिवाय मागणी मोजून केलेली असावी. नांगरट, पेरणी, खत यांचा खर्च आणि सामान्यतः आलें असतें तें पीक एकीकडे धरावें. न झालेला काढणीचा खर्च व दुबार पेरणीचें उत्पन्न त्यांतून वजा घालावें. शेजाऱ्याच्या उत्तम पिकाचा आंकडा उचलून केलेली मागणी टिकत नाहीं.

४. पुराव्याचा बांध

आतांपर्यंत सांगितलेल्या मर्यादा कायद्याच्या पुस्तकांतील आहेत. शेतकरी हरतो तो बहुतेक वेळां पुराव्याच्या मर्यादेपाशीं. मालांतील दोष नुसत्या डोळ्यांनीं ठरत नसेल, तर त्याचा नमुना मान्य प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा, आणि प्रयोगशाळेनें पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा, असें कायदा सांगतो. पण शेतकऱ्यानें सगळें बीं पेरून टाकलेलें असतें. मग नमुना आणावयाचा कोठून?

या पेंचांतून सर्वोच्च न्यायालयानें वाट काढून दिली आहे. १९९८ सालीं एका संकरित बियाणें कंपनीच्या प्रकरणांत, शेतकऱ्यानें सर्व बीं पेरलें होतें म्हणून त्याची तक्रार फेटाळूं नये. कंपनीस आपल्याजवळील बीं तपासणीसाठीं पुढें करतां आलें असतें, असें न्यायालय म्हणालें. २०१२ च्या निकालांत याहून स्पष्ट सांगितलें कीं, शेतकऱ्यानें भविष्यांत पीक बुडेल या शंकेनें बियाण्याचा नमुना राखून ठेवावा, ही अपेक्षाच अवास्तव होय.

तरी येवढ्यावर स्वस्थ बसणें शहाणपणाचें नाहीं. १९६८ च्या बियाणें नियमांतील तेराव्या नियमाप्रमाणें विक्रेत्यानें प्रत्येक लॉटचा हिशेब तीन वर्षें ठेवावयाचा असतो. परंतु त्या लॉटचा नमुना मात्र सर्व माल खपल्यानंतर एक वर्षानें टाकून देण्यास मोकळीक आहे. आणि तो नमुना तपासावयाचा झाल्यास केवळ शुद्धतेपुरताच तपासावा, असें तोच नियम म्हणतो. उलट ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अर्थ उघड आहे. दीड वर्षानें केलेली तक्रार मुदतींत असते, पण तोंवर विरुद्ध पक्षाजवळचा नमुना कायदेशीरपणें नाहींसा झालेला असूं शकतो. आणि तक्रार उगवणीची असेल, तर असलेल्या नमुन्याचाही भरवसा धरतां येत नाहीं. दोन वर्षांची मुदत ही कागदावरील मुदत होय. शेतांतील पुराव्याची मुदत रोपें डोळ्यांसमोर आहेत तोंपर्यंतचीच.

दुसरी गोष्ट कारणांची. बीं न उगवण्यास बीच कारण असतें असें नाहीं. सोयाबीनच्या दाण्याचें साल नाजूक असतें. पोतीं आपटल्यानें, थप्पी उंच रचल्यानें, किंवा पेरणी खोल झाल्यानें त्याची उगवण घटते. पेरल्यावर पावसानें ओढ दिली, अगर वर पापुद्रा धरला, तरी तेंच होतें. उत्पादकाचा वकील हीं सर्व कारणें पुढें मांडणार, हें गृहीत धरावें. २००५ सालीं हरियाणा राज्याच्या बियाणें महामंडळाविरुद्धच्या प्रकरणांत शेतकरी हरले. पीक कमी आलें एवढ्यावरून बीं वाईट होतें असें ठरत नाहीं, इतर कारणांचाही विचार करावा लागतो, हा त्या निकालाचा बोध होय.

म्हणून शेताची पाहणी हाच पुराव्याचा कणा. आपल्या राज्यांत तालुक्याच्या ठिकाणीं कृषि खात्याची तक्रार निवारण समिति असते. तिच्याकडे लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. पाहणीच्या वेळीं दुकानदार व कंपनी यांस बोलावणें गेलेलें असावें. एकतर्फी पंचनाम्याचें वजन कमी होतें. अहवालांत लॉट नंबर, पेरणीची तारीख, खोली, पाऊस, जमिनीची ओल, आणि मोजलेल्या ओळींतील उगवणीचें प्रमाण हीं यावीं. त्याच दिवशीं, तसल्याच जमिनींत, दुसऱ्या लॉटचें बीं शेजारीं पेरलें असून तें उगवलें असेल, तर ती गोष्ट अवश्य नोंदवून घ्यावी. पाऊस व जमीन यांच्यावर दोष ढकलण्यास मग जागा राहत नाहीं.

५. बियाणें कायदा काय करतो व काय करीत नाहीं

पुष्कळ शेतकरी कृषि अधिकाऱ्याकडे तक्रार केली म्हणजे भरपाई आपोआप मिळेल असें समजतात. १९६६ च्या बियाणें कायद्यानें अधिसूचित वाणांस उगवणीची किमान मर्यादा घालून दिली आहे. सोयाबीनला शेंकडा ७०, भाताला ८०, गव्हाला ८५. त्याहून कमी उगवणीचें बीं विकणें हा गुन्हा होय. पण त्या गुन्ह्यास मूळ कायद्यानें ठरविलेली शिक्षा पहिल्या खेपेस पांचशें रुपयांपर्यंत दंड, व फिरून केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, अथवा दोन्ही. तो दंडही सरकारजमा होतो. शेतकऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. नेमकी हीच उणीव दाखवून २०१२ च्या निकालानें सांगितलें कीं, बियाणें कायदा आहे म्हणून ग्राहक कायद्याचें दार बंद होत नाहीं. कापसापुरता महाराष्ट्रानें २००९ सालीं स्वतंत्र कायदा केला असून त्यांत भरपाईची तजवीज आहे; पण ती कापसापुरतीच.

६. शेतकऱ्यानें पाळावयाचीं पथ्यें

पहिलें पथ्य पावतीचें. १९८३ च्या बियाणें नियंत्रण आदेशाप्रमाणें, माल रोख घेतला असो वा उधार, पावती देणें विक्रेत्यास भाग आहे. पावतीवर वाणाचें नांव व लॉट नंबर असल्याची खात्री दुकानांतच करून घ्यावी. पावती नसलेला शेतकरी पुढें आपण ग्राहक आहों हेंही दाखवूं शकत नाहीं.

दुसरें, पिशवी खालच्या बाजूनें फोडावी, म्हणजे वरची शिवण व खूणचिठ्ठी शाबूत राहते. रिकामी पिशवी खूणचिठ्ठीसह पीक घरीं येईपर्यंत जपून ठेवावी.

तिसरें, पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींनीं मांडून, गुंडाळून, सावलींत ठेवावे व ओल राखावी. सोयाबीनचे सत्तरांहून कमी दाणे उगवले, तर उरलेल्या पिशव्या फोडूं नयेत आणि दुकानदारास तत्काळ लेखी कळवावें. गेलेल्या हंगामाची भरपाई मिळविण्यापेक्षां हंगाम वांचविणें केव्हांही स्वस्त पडतें.

चौथें, मूठभर बीं राखून ठेवावें. न्यायालयानें ही अपेक्षा शेतकऱ्याकडून केलेली नाहीं, हें वर सांगितलेंच. पण ज्याच्या घरीं नमुना आहे त्याची बाजू नमुना नसणाऱ्याहून बळकट असते, याबद्दल वाद नाहीं. घरांतील मुठीवर विरुद्ध पक्ष शंका घेईल. यासाठीं आमची सूचना अशी आहे कीं, हें काम गांवच्या सोसायटीनें करावें. गांवांत येणाऱ्या प्रत्येक लॉटमधून दुकानदारासमक्ष नमुना काढावा, कापडी पिशवींत मोहोरबंद करून त्यावर दुकानदाराची व दोन सभासदांची सही घ्यावी, आणि कोरड्या जागीं हंगामभर ठेवावा. यास खर्च जवळजवळ नाहीं.

पांचवें, तक्रार एकट्यानें करण्यापेक्षां एका लॉटच्या सर्व शेतकऱ्यांनीं मिळून करावी. एकाच हिताच्या अनेक ग्राहकांनीं आयोगाच्या परवानगीनें एक तक्रार करण्याची सोय कायद्यांत आहे. नोंदलेली स्वयंसेवी ग्राहक संस्थाही तक्रार करूं शकते. एकाच लॉटचें बीं वीस शेतांत उगवलें नाहीं, तर वीसही जणांनीं चुकीची पेरणी केली असें म्हणणें कंपनीस जड जाईल. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करतां येते. कंपनीच्या गांवीं जावें लागत नाहीं. आयोगाची पायरी मागितलेल्या भरपाईवरून ठरत नसून मालासाठीं दिलेल्या किंमतीवरून ठरते, म्हणून बियाण्याचें प्रकरण बहुधा जिल्हा आयोगापुढेंच येतें; आणि ती किंमत पांच लाखांच्या आंत असेल तर तक्रारीस फी पडत नाहीं. प्रयोगशाळेच्या तपासणीचा खर्च मात्र तक्रारदारास भरावा लागूं शकतो.

येथवर केलेल्या विवेचनाचें तात्पर्य इतकेंच कीं, शेतकऱ्याचा हक्क खरा आहे, पण तो आपोआप फळत नाहीं. कायद्यानें जे बांध घातले आहेत ते काढणें आपल्या हातीं नाहीं. पुराव्याचा बांध मात्र पुष्कळ अंशीं आपल्याच हातीं आहे. त्याची तयारी पीक बुडाल्यावर करतां येत नाहीं. ती बीं विकत घेतल्या दिवसापासून करावयाची असते. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक गांवच्या सोसायटीनें सभा भरवून लॉटचे नमुने राखण्याचें काम कोणी करावयाचें एवढें जरी ठरविलें, तरी या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्हीं समजूं.